आजारापूर्वीची क्षमता: पूर्ण स्वतंत्र

त्या पुनर्वसन केंद्रात डॉक्टरांचं काय म्हणणं आहे हे कळून घ्यायचं असेल, तर डॉक्टरांना विचारून काही उपयोग नव्हता. डॉक्टर सांगत, नाही असं नाही. पण त्यांनी जे सांगितलं ते कळण्यासाठी पुन्हा कुणाला तरी विचारावं लागे. म्हणून शहाणी माणसं उगाच जिना चढत नसत. ती सरळ तळमजल्यावरच्या रेकॉर्ड विभागाच्या खिडकीशी जात. तिथं टायपिस्टबाई कानांत हेडफोन घालून बसलेल्या असत.

बाईंचं काम साधं होतं. डॉक्टर यंत्रात बोलायचे आणि बाईंनी ते ऐकून टाइप करायचं. पायाखाली एक पेडल होतं. दाबलं की आवाज पुढं, टाचेनं दाबलं की मागं. कामाला लागून एकोणतीस वर्षं झाली होती. या काळात पाच मोठे डॉक्टर आले नि गेले, आणि पाचही जण तोंडात सुपारी धरल्यासारखं बोलत. तरी बाईंच्या कागदात कधी एका अक्षराची चूक निघाली नव्हती. याचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवतही नसत.

"बाई, कार्डावर 'स्टेबल' लिहिलंय. म्हणजे बाबा बरे आहेत ना?"

"आहेत तसे आहेत. काल होते तसेच आज. बरे असते तर 'इम्प्रूव्ह्ड' लिहिलं असतं."

"आणि हे 'इडिओपॅथिक'?"

"कशामुळे झालं ते ठाऊक नाही. पण 'ठाऊक नाही' असं लिहायला मोठ्या माणसांना लाज वाटते, म्हणून हा शब्द ठेवलाय."

"इथं तर लिहिलंय, 'फॅमिली काउन्सेल्ड'."

"म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं."

"कधी?"

"काल लिफ्टची वाट बघताना ते तुमच्याशी दोन शब्द बोलले ना? तेव्हा."

या प्रकाराची वर कुणकुण लागली आणि व्यवस्थापनानं परिपत्रक काढलं की लिपिक वर्गानं वैद्यकीय संज्ञांचं स्पष्टीकरण देऊ नये. ते परिपत्रक टाइप कुणी केलं? बाईंनीच. खिडकीच्या काचेवर चिकटवलंही त्यांनीच. मग रांगेतले लोक ते वाचत आणि आपली पाळी आली की आधी त्याचाच अर्थ विचारत. "म्हणजे मी सांगितलं असं वर जाऊन सांगू नका," बाई सांगत. व्यवस्थापनाचं समाधान झालं आणि रांगही तेवढीच राहिली.

एका शब्दाला मात्र बाई बिचकत. 'लाँग टर्म केअर' हा तो शब्द. इमारतीच्या मागं एक लांबट विंग होती. ज्यांची सुधारणा थांबली आणि घरी बघायला कुणी नाही, त्यांना तिकडं हलवत. एकदा एका म्हातारीनं विचारलं, तिथं काय करतात. "सांभाळतात," बाई म्हणाल्या. "शिकवत नाहीत." म्हातारीनं पुढं विचारलं, मग परत कधी आणतात. त्या दिवशी बाईंनी जेवणाची सुट्टी अर्धा तास आधी घेतली.

आता घरचं सांगतो. बाईंचे यजमान टेलर होते. अर्ध्या वस्तीच्या अंगावर त्यांच्या हातचे कपडे. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप यांच्या डोळ्यांत भरलेलं असे. दुकानात असा वाघ, आणि घराच्या उंबरठ्याच्या आत पाऊल पडलं की या वाघाला स्वतःचे मोजे सापडत नसत. टॉवेल डोळ्यांसमोर लटकत असला तरी "अगं, टॉवेल?" अशी हाक. गॅस कोणत्या बाजूनं फिरवला की पेटतो, हे ज्ञान त्यांनी चौतीस वर्षांच्या संसारात स्वतःला होऊ दिलं नव्हतं. चहा समोर येई. पहिला घोट घेऊन ते म्हणत, "साखर कमी आहे." दुसरं काही नाही, रोज एवढंच. बाई उठत, आत जात, साखर आणत. चौतीस वर्षांत साखर वाढवून बघायचं बाईंनाही सुचलं नाही आणि उठून घ्यायचं त्यांनाही. मुलगी लग्न होऊन लांबच्या देशात गेली. घरी उरली ही दोघं, एक साखरेचा डबा आणि एक टॉवेल.

मग एका सकाळी कापड कापताना त्यांच्या हातातून कात्री पडली. उचलायला वाकले आणि तिथंच बसले.

'सीव्हीए, लेफ्ट.' म्हणजे मेंदूच्या डाव्या भागातली रक्तवाहिनी बंद पडली. 'राइट हेमिपॅरेसिस.' म्हणजे उजव्या अंगातला जोर गेला. 'अफेजिया.' म्हणजे शब्द डोक्यात आहेत पण जिभेपर्यंत येत नाहीत. हे सगळं बाईंनी खिडकीतून हजारदा लोकांना सांगितलं होतं, आणि किती सोपं करून सांगतो आपण, म्हणून मनात खूशही झाल्या होत्या. आता तेच शब्द आपल्या माणसाच्या कार्डावर आले तेव्हा त्यांना एकाचाही अर्थ लागेना. खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिलं की कान वेगळे होतात, हे एकोणतीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

टेलरकाकांकडे एकच शब्द उरला होता, तो म्हणजे "बरं." भूक लागली की बरं, राग आला की बरं, फिजिओवाली मुलगी पाय वाकवायला लागली की दात खाऊन बरं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना जो शब्द सगळ्यात जास्त वेळा सांगितला, तोच शेवटपर्यंत चिकटून राहिला होता.

भरती होताना ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडमनी बाईंच्या हातात एक फॉर्म दिला. या मॅडमचं काम म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवायची: दात घासणं, बटण लावणं, भांडं उचलणं. वॉर्डात त्यांना सगळे चष्मेवाल्या मॅडम म्हणत. फॉर्मवर वर लिहिलं होतं, 'आजारापूर्वीची क्षमता'. खाली बारा ओळी. आंघोळ, कपडे, औषधं, स्वयंपाकघरातली कामं, घरातली आवराआवर, अशा. प्रत्येकीसमोर तीन चौकोन: पूर्ण स्वतंत्र, थोडी मदत, पूर्ण अवलंबून.

बाईंनी पेन काढलं आणि सरळ उभ्या रेघेत बाराही ठिकाणी 'पूर्ण स्वतंत्र'वर खूण केली. विचारसुद्धा केला नाही. चांगला धडधाकट नवरा, स्वतःचं दुकान चालवणारा. त्याच्यासमोर कोण बायको लिहील की यांना मोजे सापडत नाहीत? इथं येणाऱ्या सगळ्या बायका अशाच खुणा करत. बाईंनी असे शेकड्यांनी फॉर्म टाइप केले होते, आणि त्यांतला एकही नवरा घरात परावलंबी नव्हता. बघा, कसला स्वावलंबी समाज आहे आपला.

पाच आठवडे गेले. काका धरून उभे राहायला लागले, मग काठी घेऊन दहा पावलं. उजव्या हाताची बोटं मिटू लागली. बाई रोज जेवणाच्या सुट्टीत वर जात आणि त्यांची बोटं एकेक करून उघडून देत. "अहो, अंगठा," असं म्हणत. "बरं," ते म्हणत. मनातल्या मनात बाईंनी घराची मांडणीसुद्धा बदलून टाकली होती. खाट दारापाशी, खुर्ची खिडकीपाशी. बाई सकाळी नवाला निघणार, संध्याकाळी सहाला येणार. मधला वेळ यांना एकट्यानं काढता आला की झालं. काढता आला नाही, तर मागची विंग होतीच. दुसरा रस्ता नव्हता, आणि हे बाईंइतकं त्या इमारतीत कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

बुधवारी दुपारी बाईंनी नेहमीसारखं पेडल दाबलं. कानात मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला. आपल्याच माणसाचा केस नंबर ऐकला आणि बाईंची पाठ ताठ झाली.

"स्वयंपाकघर चाचणीत रुग्णास चहा करण्यास सांगितले. रुग्णाने वस्तू ओळखल्या, परंतु कामाला सुरुवात केली नाही. दहा मिनिटे ओट्याजवळ उभा राहिला. आजारापूर्वी स्वयंपाकघरातील कामांत पूर्ण स्वतंत्र असल्याची नोंद पाहता ही गंभीर घट आहे. अप्रॅक्सिया. सुधारणा प्लॅटोला पोचली आहे. घरी एकटे राहणे असुरक्षित. लाँग टर्म केअरची शिफारस. निर्णय शुक्रवारच्या बैठकीत."

बाईंनी टाच दाबली. पुन्हा ऐकलं. पुन्हा टाच. अप्रॅक्सिया म्हणजे हात चालतो, पण कामाचा क्रम हाताला आठवत नाही. प्लॅटो म्हणजे गाडी आता पुढं सरकत नाही, खाट मोकळी करा.

आधी त्यांना हसू आलं, खरोखर आलं. डोळ्यांसमोर ते ओट्याशी उभे राहिले, पातेल्याकडे मान कलती करून बघणारे, अगदी सभ्यपणे. दहा मिनिटं काय, दहा तास उभे राहिले असते. ते विसरले नव्हते काही. ते चहा यायची वाट बघत होते. चौतीस वर्षं त्यांच्या घरात चहा असाच व्हायचा. आणि हे तोंडानं सांगायचं तर गड्यापाशी शब्द एकच, बरं.

मग हसू गेलं. कारण त्या कागदावर ज्या एका वाक्यानं त्यांच्या माणसाला मागच्या विंगेत ढकललं होतं, ते डॉक्टरांचं नव्हतं. ते बाईंनी स्वतः पेनानं खूण करून दिलेलं होतं.

कागद त्यांच्याच हातात होता. 'पूर्ण स्वतंत्र'च्या जागी दोन शब्द बदलले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. डॉक्टर टाइप केलेलं वाचत नसत, नुसती सही ठोकत. बाईंची बोटं कळांवर थोडा वेळ थांबली. मग त्यांनी जसं ऐकलं तसं, एकाही अक्षराची चूक न करता, स्वतःच्या नवऱ्याचा निकाल टाइप केला. फार राग आला त्यांना, डॉक्टरांचा, मॅडमचा, आणि सगळ्यांत जास्त त्या सरळ रेघेतल्या बारा खुणांचा.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला मोठे डॉक्टर, फिजिओवाली आणि चष्मेवाल्या मॅडम. दुसऱ्या बाजूला बाई एकट्या, कारण आज त्या 'फॅमिली' होत्या.

"डॉक्टर, बेसलाइन चुकली आहे," बाई म्हणाल्या. "मी चुकवली."

"म्हणजे?"

"म्हणजे आजाराच्या आधी माणूस कसा होता, ते मी खोटं लिहिलं. आमच्या यांना चहा येत नाही."

"तेच तर आम्ही म्हणतोय."

"नाही, कधीच येत नव्हता. गॅस पेटवता येत नव्हता. मोजे सापडत नव्हते. कपाटात शर्ट कुठल्या फळीवर असतात, हे स्वतः शर्ट शिवणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं. तुम्ही ज्याला गंभीर घट म्हणताय, तो त्यांचा स्वभाव आहे."

फिजिओवालीनं तोंडावर हात ठेवला. चष्मेवाल्या मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग फॉर्म असा का भरलात? तुम्हाला तर सगळं कळतं."

"कळतं म्हणूनच खरं लिहवलं नाही," बाई म्हणाल्या. "लाज वाटली."

मोठ्या डॉक्टरांनी फॉर्म पुढं ओढला. ते न्यायी गृहस्थ होते. त्यांनी बाईंना विचारत विचारत एकेक ओळ दुरुस्त केली. स्वयंपाकघर: पूर्ण अवलंबून. आवराआवर: पूर्ण अवलंबून. कपडे: थोडी मदत. बारा ओळी संपल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, मग हे तर जवळजवळ बेसलाइनलाच आलेत. उद्दिष्ट साध्य. अभिनंदन बाई. सोमवारी सोडू."

झाली का पंचाईत. आधीच्या कागदाप्रमाणे सुधारणा होत नव्हती म्हणून बाहेर, आताच्या कागदाप्रमाणे सुधारणा पूर्ण झाली म्हणून बाहेर. आणि घरी एकटं राहणं असुरक्षित होतं ते होतंच, त्यामुळे सोमवारी बाहेर म्हणजे मागच्या विंगेत. खोटं बोलून जिथं पोचलो होतो, खरं बोलूनही तिथंच येऊन बसलो, हे बाईंच्या ध्यानात आलं.

पण एकोणतीस वर्षं त्या खोलीतली प्रत्येक बैठक बाईंच्या कानांतून गेली होती. या लोकांना रडणं समजत नाही, उद्दिष्ट समजतं, हे त्यांना ठाऊक होतं. उद्दिष्ट मोजता येणारं पाहिजे, त्याला तारीख पाहिजे, आणि ते घरच्यांना महत्त्वाचं वाटतं अशी नोंद पाहिजे. एवढं असलं की खाट कुणी हलवू शकत नाही.

"नवीन उद्दिष्ट लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "चार आठवड्यांत रुग्ण स्वतः दोन कप चहा करेल. गॅस पेटवेल, बंद करेल. ओट्याशी दहा मिनिटं काठीशिवाय उभा राहील. कप उजव्या हातात धरून, न सांडता, सहा पावलांवरच्या टेबलावर पत्नीला नेऊन देईल. स्वल्पविराम राहिला तुमचा, डॉक्टर. 'न सांडता'च्या आधी."

आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी सांगितलं आणि डॉक्टरांनी लिहून घेतलं.

"पण बाई," ते पेन थांबवून म्हणाले, "पुनर्वसन म्हणजे गेलेलं परत आणणं. हे तर त्यांच्याकडे कधी नव्हतंच."

"तुम्ही मला काय सांगता. तो अर्थ तुमच्या कागदांत मीच टाइप केलाय," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, मी सकाळी नवाला घर सोडते. हे जे येत नव्हतं, त्यातलं थोडं आलं तरच ते घरी राहू शकतात. मला ते घरी पाहिजेत. चौतीस वर्षं मी वैतागले त्यांना, पण मला ते घरीच पाहिजेत."

चष्मेवाल्या मॅडम म्हणाल्या की यात तोल आहे, पकड आहे, क्रम आहे, चालणं आहे, याहून चांगलं उद्दिष्ट त्यांनी वर्षभरात लिहिलेलं नाही. फिजिओवालीनं मान डोलावली. डॉक्टरांनी सही ठोकली.

ते चार आठवडे कसे गेले ते काकांना विचारावं. ते म्हणतील, "बरं." केंद्राच्या सरावाच्या स्वयंपाकघरात त्रेसष्टाव्या वर्षी माणसाची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी त्यांनी चहाची पावडर कपात टाकली आणि आता पुढं कोण करणार म्हणून मॅडमकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी पातेलं पालथं. बाईंना आत यायची परवानगी होती, पण फक्त 'सुपरव्हिजन'साठी. त्याचा अर्थ त्या लोकांना सांगत, हात न लावता नुसतं लक्ष ठेवायचं. आता कळलं की त्याचा खरा अर्थ जीभ दाताखाली धरून उभं राहायचं असा आहे. दूध उतू जाताना दिसत असतं, आणि आपण भिंतीला टेकून उभं राहायचं. बाळंतपण सोपं होतं याच्यापेक्षा, असं त्या फिजिओवालीला म्हणाल्या.

पाण्याचं माप काही केल्या जमेना. कधी अर्धा कप, कधी पातेलंभर. मग एके दिवशी काकांनी खुणेनं बाईंकडे काहीतरी मागितलं. खिशाकडे बोट, मग भांड्याकडे, मग हवेत एक तिरकी रेघ. बाईंना चार वेळा कळलं नाही. पाचव्या वेळी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून कापडावर आखायचा निळा खडू आणून दिला. काकांनी दोन कप पाणी पातेल्यात ओतलं, वरून वाकून बघितलं, आणि डाव्या हातानं पातेल्याच्या बाहेर तेवढ्याच उंचीवर एक रेघ ओढली. वाकडी आली, पण पाणी नंतर कधी चुकलं नाही.

शेवटच्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः आले. घड्याळ लावलं. बाई सहा पावलांवरच्या टेबलाशी बसल्या, कारण तसं उद्दिष्टात लिहिलं होतं आणि लिहिलेलं त्यांनीच होतं. काकांनी काठी भिंतीला लावली. निळ्या रेघेपर्यंत पाणी. गॅस तिसऱ्या खेपेला पेटला. पावडर, दूध. गाळताना उजवा हात थरथरला आणि बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. गॅस बंद. मग एक कप उजव्या हातात घेऊन ते निघाले. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. सहा पावलांना दोन मिनिटं लागली. कप टेबलावर टेकला तेव्हा काही थेंब बशीत होते, पण मॅडमनी त्या वेळी नेमकं वहीत बघितलं.

बाईंनी घोट घेतला. काका समोर उभे, घामानं डबडबलेले, त्यांच्या तोंडाकडे बघत. इतक्या वर्षांत या जागी कायम बाई उभ्या असत.

"साखर कमी आहे," बाई म्हणाल्या.

फिजिओवाली दचकून त्यांच्याकडे बघायला लागली. साखर कमी नव्हतीच, ती मुळी घातलीच नव्हती. काका क्षणभर तसेच राहिले. मग त्यांचा चेहरा हसला, जेवढा अर्धा हसू शकत होता तेवढा.

"बरं," ते म्हणाले. आणि वळले, काठी न घेता, परत सहा पावलं ओट्याकडे, साखर आणायला. हे उद्दिष्टात नव्हतं.

सोमवारी सकाळी बाईंनी पेडल दाबलं. "उद्दिष्ट साध्य," मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला. "दिवसा एकटे राहण्यास योग्य. रुग्णाची सध्याची क्षमता आजारापूर्वीपेक्षा अधिक आहे. घरी सोडावे." एकोणतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी टाइप केलं नव्हतं. त्यांनी टाच दाबून ते तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून ठेवला आणि खिडकीत बसूनच, रांगेतल्या सगळ्यांदेखत, पदराला तोंड पुसत रडल्या.

"बाई, काही वाईट आलं का कागदात?" रांगेतल्या पहिल्या बाईनं हळूच विचारलं.

"नाही हो, चांगलं आलंय," बाई म्हणाल्या. "चौतीस वर्षांनी मला आयता चहा मिळाला. त्यासाठी यांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडावी लागली, एवढंच. द्या तुमचं कार्ड."